पहिली मोटारसायकल कोणती घ्यावी?

नुकताच परवाना मिळालेल्या आणि बेताच्या उंचीच्या चालकाने थेट ३५० सीसीची मोटारसायकल घ्यावी का, या आपल्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्टपणे नकारार्थी आहे. नवशिक्याची खरी तारांबळ उडते ती सिग्नलला थांबताना, चढावर क्लच सोडताना आणि पार्किंगमधून गाडी मागे घेताना, आणि तिथे इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीचे वजन महत्त्वाचे ठरते. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० या ३५० सीसीच्या गाडीचे वजन सुमारे १९५ किलो, तर हिरोच्या छोट्या इंजिनाच्या स्प्लेंडर प्लसचे ११२ किलोच्या आसपास आहे. एकदा कललेली जड गाडी सावरणे सरावलेल्या माणसालाही अवघड जाते. म्हणून शोरूममध्ये सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकतात का आणि साइड स्टँडवरची गाडी एकट्याने सरळ उभी करता येते का, हे आधी पाहावे.

शहरातल्या वापरासाठी ११० ते १२५ सीसी पुरेसे आहे. रोज महामार्गावरून जायचे असल्यास मात्र १५० सीसीच्या वर्गातील गाडी घ्यावी, कारण १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंधनकारक आहे आणि पावसाळी रस्त्यावर घाबरून ब्रेक करकचून दाबला तरी त्यामुळे निदान पुढचे चाक जाम होत नाही. आयएसआय चिन्हाच्या, डोक्याला घट्ट बसणाऱ्या हेल्मेटचे पैसे गाडीच्या अंदाजपत्रकातच धरावेत.