समन्स आलंय, वकील आत्ताच करायचा का?

प्रश्न: पती वारले. सासऱ्यांच्या शेतात मी पाऊल टाकू नये म्हणून दिरांनी मनाईचा दावा लावलाय. दहा दिवसांपूर्वी बेलीफ समन्स देऊन गेला, तारीख सव्वा महिन्यानंतरची आहे. 'आधी तारखेला जाऊन बघा, मग वकील करा,' असं गावातले म्हणतात. पैसेही नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, तारखेची वाट बघू नका. दाव्याला लेखी उत्तर म्हणजे कैफियत देण्याची ३० दिवसांची मुदत समन्स मिळाल्यापासून मोजतात. तुमचे दहा दिवस गेले. न्यायालय कारणं नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, पण त्या भरवशावर राहू नका. एकदा 'विनाकैफियत' हुकूम झाला की तो रद्द करून घेण्यातच महिने जातात.

त्याहून घाई निशाणी ५ ची, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जाची. समन्ससोबतचे कागद उलटून पाहा. दाव्यामागे असा वेगळा अर्ज जोडला असेल, तर त्यावर म्हणणं आधी द्यावं लागतं. शेत आज कोणाच्या ताब्यात आहे, यावर तिथे बराच भर असतो. तुमच्या बाजूने कोणीच उभं राहिलं नाही तर मनाई एकतर्फी होऊ शकते आणि ऐन पेरणीत तुम्ही बांधाबाहेर राहाल. म्हणून पीकपाहणीसह सातबारा, फेरफार, पतींच्या मृत्यूचा दाखला आणि शेतसाऱ्याच्या पावत्या आजच गोळा करा.

पैशांसाठी अडून राहू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार महिलेला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे अर्ज करा, समन्सची प्रत जोडा. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

खासगी वकील केलात तर त्याच न्यायालयात रोज दिवाणी कामं चालवणारा बघा. फी एकरकमी की टप्प्याने, टायपिंगचा खर्च त्यात आहे का, हे आधी ठरवून पावती घ्या. 'जमीन मिळाली की त्यातला हिस्सा द्या' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, बार कौन्सिलच्या नियमांना ते मान्य नाही. वकीलपत्र म्हणजे वकिलाला तुमच्या वतीने काम चालवायचा अधिकार देणारा कागद; तो कोरा असताना सही करू नका. न्यायालय, दावा क्रमांक, पक्षकार भरलेले हवेत. छापील मजकुरात तडजोडीचा अधिकारही दिलेला असतो, तेवढी ओळ वाचून घ्या. मूळ कागद स्वतःकडे ठेवा, झेरॉक्स द्या.

दाव्याचा १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे दाव्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागून घ्या. ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख तुम्हालाच बघता येईल.