ऑस्लोत दीड दिवसात पुतळे, बागा आणि जुन्या जागा यातलं काय काय बघून होईल?

तुम्ही लिहिलंय की जूनच्या शेवटी आईबाबांना घेऊन जाताय, बाबांचे गुडघे कुरकुरतात आणि म्युझियमच्या तिकिटांवर फार पैसे घालवायचे नाहीत. मी तिथे अडीच वर्षं होतो, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला फिरवायचं काम माझ्याच गळ्यात पडायचं, त्यामुळे हे सगळं पायाखालचं आहे.

एक अख्खी संध्याकाळ विगेलान पार्कला द्या, बाकीचं उरलेल्या वेळात बसतं. बारा नंबरची ट्राम पार्कच्या दारात सोडते, तिकीट नाही, गेट कधी बंद होत नाही आणि तेव्हा रात्री साडेदहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जेवून निवांत सातला निघालात तरी चालेल. फक्त आईबाबांना आधी कल्पना देऊन ठेवा, कारण दोनशेच्या वर पुतळे आहेत आणि जवळपास सगळे नागडे!! माझी आई पुलावरनं चालताना दहा मिनिटं नुसती बाजूच्या पाण्याकडे बघत होती, मग वर ग्रॅनाइटमधली सुरकुतलेली, पाठीत वाकलेली म्हातारी माणसं दिसली तशी थांबली आणि म्हणाली, अरे हे तर आपले अण्णाच बसलेत. त्यानंतर तिला तिथनं हलवता येईना.

मधला उंच खांब म्हणजे मोनोलिथ, साधारण 14 मीटरचा एकच दगड, त्यात 121 माणसं एकमेकांवर चढलेली. तीन पाथरवट 14 वर्षं तो घडवत होते, काम संपलं 1943 ला आणि त्याच वर्षी हे पुतळे करणारा शिल्पकार गुस्ताव विगेलान गेला. या माणसाने 1921 मधे ऑस्लो नगरपालिकेशी सरळ सौदा केला होता, मला स्टुडिओ द्या, माझं सगळं काम तुमचं. नोबेल शांतता पुरस्काराचं पदकसुद्धा त्याचंच डिझाइन. पुलावर पाय आपटत रडणारं एक पोरगं आहे, सिन्नाताग्गेन, येणारा जाणारा त्याचा हात धरतो म्हणून तेवढाच हात सोन्यासारखा पिवळा झालाय आणि बाकीचा काळपट. तुम्ही नका धरू, ब्राँझ झिजतं.

दुसऱ्या अर्ध्या दिवसात स्टेशनजवळच्या ऑपेरा हाऊसच्या संगमरवरी छपरावर चढा (उतार आहे, जिना नाही, बाबांना जमेल पण पाऊस असेल तर नको) आणि तिथनं चालत आकर्शुसचा किल्ला. हा 1300 च्या आसपासचा, आवारात फिरायला पैसे पडत नाहीत, फक्त गोटे घातलेले रस्ते आहेत त्यामुळे चपला नकोत, बूट घाला. तटावरनं खाडी मस्त दिसते.

किल्ल्याजवळच्या चौकात एक मजा आहे, कारंज्यात ब्राँझचा भलामोठा हातमोजा, बोट खाली जमिनीकडे. 1624 ला जुनं शहर जळालं तेव्हा राजा चौथा क्रिस्तियान म्हणे बोट दाखवून म्हणाला, शहर इथे वसवा, आणि नाव स्वतःचं दिलं, क्रिस्तियानिया! ऑस्लो हे नाव परत यायला 1925 उजाडलं.

राजवाडा लांबनं बघितला तरी पुरे. त्याची बाग मात्र छान आहे, भोवती कुंपण नाही, लोक राजाच्या अंगणात खुशाल गवतावर पसरलेले असतात, आम्ही तिथेच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडायचो.

स्टेशनच्या बाहेरचा ब्राँझचा वाघ शेवटी ठेवा, ट्रेन पकडायला जाल तेव्हा वाटेतच आहे. पण फोटो सकाळी लवकर काढा, नंतर पोरं त्याच्या शेपटीला लटकलेली असतात आणि बाबांचा नंबर काही लागत नाही.