ड्रॉप स्प्रेडर चार्टप्रमाणे लावूनही युरिया कधी उरतो, कधी पुरत नाही. चार्ट चुकीचा आहे का?

तुम्ही विचारलंय की ट्रॅक्टरमागे ओढायचा ड्रॉप स्प्रेडर (तळाच्या भोकांतून खत सरळ खाली सोडणारी आडवी पेटी) घेतला, सोबत आलेल्या चार्टप्रमाणे खालची सरकपट्टी लावली, तरी हिशेब जुळत नाही. आणि जिप्समला कोणता आकडा ठेवायचा, हेही विचारलंय.

चार्ट चुकीचा नसेल, पण तो तुमचा नाही. कुठल्यातरी कोरड्या खतावर, कुठल्यातरी ठरावीक वेगाला कोणीतरी काढलेले ते आकडे आहेत. युरिया लिटरला साधारण पाऊण किलो भरतो, डीएपी हे दुसरं दाणेदार खत किलोच्या आसपास. भोक तेवढंच ठेवून दोन्ही खतं सारखी कशी पडतील? त्यात खताने ओल धरली की अजून फरक.

खरा घोळ मात्र वेगाचा असतो आणि हे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून एवढं लिहायला बसले.

आम्ही राहतो इंदुरात, जमीन सांवेरकडे. सोयाबीन आणि गहू. शेतीचं मी बघते, ट्रॅक्टरवर बहुतेक वेळा धाकटे दीर असतात. गहू स्प्रिंकलरवर असल्यामुळे शेतात पाणी द्यायचे सारे (बांध घातलेले लांब वाफे) नसतात, म्हणून पहिल्या पाण्याआधीचा युरिया आम्ही स्प्रेडरनेच टाकतो. एका वर्षी अर्धं शेत ठरलेल्या गिअरमध्ये झालं. मग लाइट यायची वेळ जवळ आली, पाणी लावायचं होतं, म्हणून भावजींनी उरलेलं अर्धं शेत वरच्या गिअरमध्ये पळवलं. मी बांधावरून हात केला. त्यांचं उत्तर एकच, "वहिनी, हे चाकावर चालतं. चाक जितकं फिरेल तितकंच खत पडेल. गिअर कुठलाही असो." संध्याकाळी युरियाच्या गोण्या उरल्या तेव्हा घरात सगळ्यांना सांगून झालं की बचत झाली.

पुढे गहू फुटव्यावर आला तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसावं असं शेत झालं. एक बाजू गडद हिरवी, दुसरी पोपटी पिवळी. पिवळ्या बाजूत मधेमधे वीतभर रुंदीच्या काळपट हिरव्या रेघा, नांगराच्या तासासारख्या सरळ. गडबडीत दोन पट्टे जिथे एकमेकांवर चढले तिथे युरिया दुप्पट पडला होता. ड्रॉप स्प्रेडर आपल्या रुंदीएवढंच टाकतो, फिरत्या चकतीच्या यंत्रासारखी कडेला विरळ होत जाणारी फेक याला नाही. चढलं तर रेघ दिसणार, सुटलं तरी रेघ दिसणार.

मी चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली, दोन्ही टोकं बंद केली आणि भोकांखाली तारेने बांधली. आमच्या यंत्राची रुंदी अडीच मीटर. 40 मीटरवर खुंट्या ठोकल्या. अडीच गुणिले 40 म्हणजे 100 चौरस मीटर, हेक्टरचा शंभरावा भाग. पन्हळीत जेवढे किलो जमतील त्याला शंभराने गुणायचं, झाला हेक्टरी आकडा. पेटी निम्मी भरलेली, ट्रॅक्टर खुंटीच्या आधीपासूनच चालता, पहिल्या खुंटीला लिव्हर उघडायचा, दुसरीला बंद. 40 मीटरला 30 सेकंद लागले (ताशी 4.8 किलोमीटर), तेव्हा 1 किलो 100 ग्रॅम जमला. भावजींच्या गिअरमध्ये 18 सेकंद लागले आणि जेमतेम 700 ग्रॅम. पट्टीला हातही लावला नव्हता.

भावजी म्हणाले काटा खराब आहे. मी स्वयंपाकघरातून साखरेची किलोची बंद पिशवी आणून काट्यावर ठेवली. काटा बरोबर होता. मग म्हणाले, त्या दिवशी वारा होता. खत गुडघ्याच्याही खालून सरळ जमिनीवर पडतं, दाणेदार युरियाला वारा काय करणार? वाऱ्याचा त्रास नको म्हणूनच तर हे यंत्र घेतलं होतं.

कारण साधं आहे. पेरणीयंत्रात खाचांचे रोलर असतात, ते मोजून दाणे बाहेर काढतात. तिथे चाक फिरेल तेवढंच पडतं, तिथे भावजींचं बरोबर. ड्रॉप स्प्रेडरमध्ये चाकावर फिरतो तो फक्त आतला ढवळणारा दांडा. खत भोकातून आपल्या वजनाने गळतं, आणि ते गळणं मुख्यतः मिनिटाच्या हिशेबाने होतं. ट्रॅक्टर पळाला की तेवढंच खत जास्त क्षेत्रावर पसरतं, म्हणजे विरळ पडतं. तुमचंही यंत्र आधी खाली वाकून बघा. रोलर दिसले तर माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही.

सासरे इंदूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेले. तिथेच इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी 1924 ते 1931 या काळात इंदूर पद्धतीचं कंपोस्ट बसवलं. सासऱ्यांच्या हाताला वजन करून टाकायची सवय होती आणि मी ती त्यांच्याकडूनच घेतली. कंपोस्ट या पेटीत घालणार असाल तर वाळवून, चाळून घाला. ओलं असेल तर भोकांवर कमान धरतं, वर पेटी भरलेली दिसते आणि खाली काही पडत नाही.

जिप्समचंही तेच. आकडा मी देणार नाही, कारण भुकटी आहे की दाणेदार, कोरडं आहे की दमट, यावर तो बदलतो. तुमच्या जिप्समवर पन्हळ लावा आणि पट्टी कमी-जास्त करत हव्या वजनावर आणा. हेक्टरी किती हवं ते माती तपासून ठरवा. बिघ्याचा हिशेब करायचा असेल तर तुमच्याकडे बिघा केवढा धरतात ते आधी नक्की करा, गावागणिक बदलतो.

राहिलेल्या गोष्टी. एकदा प्रत्येक भोकाखाली वेगळा डबा धरून वजन करा, दहा टक्क्यांच्या वर फरक असेल तर तिथे खडा नाहीतर गंज आहे. चाचणी पक्क्या रस्त्यावर नको, त्याच शेतात घ्या. आपल्या काळ्या मातीत ओल असेल तर चाकाला चिखल चढतो, चाक घसरतं, दांडा नीट फिरत नाही. उभ्या ट्रॅक्टरवर लिव्हर उघडा ठेवू नका, तिथला गहू जळतो. युरिया रात्रभर पेटीत ठेवू नका. काम झाल्यावर पेटी धुवा, वाळवा, पट्टीला तेल लावा.

आणि ट्रॅक्टर घरातलं दुसरं कोणी चालवत असेल तर दोन्ही गिअरमधलं वजन त्याच्याच हातून करून घ्या. गिअर, रेस आणि पट्टीचा आकडा ऑइलपेंटने पेटीवर लिहून ठेवा. मी लिहिलाय, लिव्हरच्या अगदी शेजारी, आणि आता भावजीही त्याच गिअरमध्ये चालवतात. वाऱ्याचं मात्र अजूनही म्हणतातच.