ब्रुनोचं गुरगुरणं

"आधी नुसता गुरगुरायचा. ती सवय मोडली आम्ही. आणि परवा एकदम भाचीच्या हाताला चावला. याला आता कुणाला देऊन टाकावं का?"

फोनवर ताईंना रडू आवरत नव्हतं. 4 वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रुनो. मी आधी जखमेचं विचारलं: साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुतली का, त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन रेबीजची लस सुरू केली का? कुत्रा घरचा आहे म्हणून यात कुणी ढिलाई करू नये.

मग 'सवय मोडली' म्हणजे काय, ते कळलं. गुरगुरला की वर्तमानपत्राच्या सुरळीचा नाकावर फटका. महिन्याभरात आवाज बंद. हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. गुरगुरून कुत्रा सांगत असतो, 'लांब हो, मला भीती वाटतेय.' फटक्यांनी सांगणं थांबतं, भीती तशीच राहते, उलट वाढते. मग तो न सांगता चावतो.

घरी गेले तेव्हा त्यांनी मोबाइलवरचा जुना व्हिडिओ दाखवला. भाची गळ्यात पडलेली. ब्रुनो जांभई देतोय, ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय. "लाडात आलाय," असं घरच्यांना वाटलेलं. माझ्यासमोरही तो सारखा कान खाजवत होता. पशुवैद्यांकडे पाठवलं, तर दोन्ही कानांत संसर्ग. लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल धरते. आणि भाचीला तेच कान ओढायला आवडायचे!

कान बरे होईपर्यंत भाचीशी भेट बंद. तेवढ्यात जाळीदार मुसक्याची सवय लावली. आत दही चाटवत, सावकाश. त्यात कुत्र्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येतं. मग सोसायटीच्या बागेत भाची लांब त्या टोकाला. ती दिसली की उकडलेलं चिकन, ती गेली की चिकन बंद. त्याने खाणं नाकारलं तर अंतर कमी पडलं असं समजून मागे सरकायचं. घाई केली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. अनोळखी माणसांसाठीही हीच रीत. शिवाय डोक्यावर हात ठेवायला कुणालाच परवानगी नाही. घरात त्याची गादी एका कोपऱ्यात, तिथे मुलांनी जायचं नाही. आणि मोठं माणूस जवळ नसताना मूल आणि कुत्रा एका खोलीत कधीच नाहीत.

तीन महिन्यांनी ताईंचा फोन आला. पाहुण्यांचा मुलगा गादीकडे निघाला आणि ब्रुनो गुरगुरला. ताईंनी मुलाला उचलून घेतलं, ब्रुनोला एक शब्दही बोलल्या नाहीत. "बरोबर केलं ना मी?" म्हणाल्या.

अगदी बरोबर केलंत, ताई.