जाऊबाईंच्या मुलाचे निदान आणि धाकटीचा थांबवलेला डोस

एमएमआर लस लांबणीवर टाकणाऱ्या पालकांशी बोलताना एक भीती हमखास पुढे येते, ती म्हणजे या लसीमुळे मूल स्वमग्न होते, म्हणजे त्याला ऑटिझम होतो. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांचे जिवंत पण दुबळे केलेले विषाणू एकाच इंजेक्शनातून देणाऱ्या या लसीबद्दलची शंका बहुधा मोबाइलवरच्या संदेशांतून आलेली असते. येथे ज्या कुटुंबाविषयी लिहीत आहे (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), तेथे ती घरातूनच आली होती. सतरा महिन्यांच्या मुलीचा नवव्या महिन्याचा डोस आईने वेळेवर दिला होता. पंधराव्या महिन्याचा मात्र थांबवला, कारण मोठ्या जाऊबाईंचा स्वमग्न मुलगा याच डोसनंतर बोलेनासा झाला, असे घरात सर्वजण मानत होते. "मॅडम, मेसेज खोटे असतील, पण आमच्या डोळ्यांसमोर घडलेलं कसं नाकारू?" असे तिने विचारले.

प्रश्न रास्त होता आणि "तो तुमचा गैरसमज आहे" एवढ्या उत्तराने भागणारा नव्हता. मूल नावाला ओ देत नाही, बोटाने काही दाखवत नाही, शब्द वाढत नाहीत, हे पालकांच्या ध्यानात साधारणपणे दीड वर्षाच्या आगेमागे येते आणि लसीचा डोसही नेमका त्याच वयात असतो; त्यामुळे दोहोंचा काहीही संबंध नसला तरी काही मुलांच्या बाबतीत एकापाठोपाठ दुसरे घडणारच. संबंध आहे की नाही, हे एका मुलाकडे पाहून कळत नाही. त्यासाठी लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांची तुलना करावी लागते. डेन्मार्कमध्ये 1999 ते 2010 या काळात जन्मलेल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांची अशी तुलना 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्यांत स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही, आणि ज्यांचे सख्खे भावंड स्वमग्न होते त्यांच्यातही नाही. घरातच स्वमग्न मूल असलेल्या या आईसाठी हा दुसरा भाग महत्त्वाचा होता. मूळ भीती ज्या निबंधातून पसरली, तो 1998 चा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा निबंध अवघ्या बारा मुलांवर आधारलेला होता. तो छापणाऱ्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले.

पुढच्या भेटीला जाऊबाई स्वतः आल्या. "मीच त्याला घेऊन गेले होते," हे त्यांचे पहिले वाक्य, आणि माझ्या मते घरातल्या भीतीचे मूळ लसीपेक्षा या वाक्यात अधिक होते. त्यांनी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ दाखवला. सगळे त्याला हाका मारत आहेत आणि तो खेळण्यातल्या गाडीचे चाक फिरवत बसला आहे, एकदाही वर पाहत नाही. पंधराव्या महिन्याचा डोस तोवर झालेलाच नव्हता. व्हिडिओवरून निदान होत नसते, आणि काही मुले आलेले शब्द खरोखरच गमावतात, हे मी त्यांना सांगितले. तरी जो दिवस त्या इतकी वर्षे स्वतःच्या माथी मारत होत्या, त्याच्या आधीचे काही पहिल्यांदाच त्यांच्या नजरेस पडले.

लसीचे त्रास झाकून ठेवणे मला पटत नाही. ते आधी सांगितले की ताप आल्यावर विश्वास ढळत नाही. साधारण सहाव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकते. तीन-चार हजार डोसांमागे एखाद्या मुलाला तापात झटका येतो. तो भीतिदायक दिसतो, पण त्यातून मेंदूला कायमची इजा होत नाही. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट तात्पुरत्या घटणे त्याहून पुष्कळ विरळ. तीव्र अ‍ॅलर्जी अत्यंत दुर्मीळ असली तरी तिच्यासाठीच लसीनंतर अर्धा तास केंद्रावर थांबवतात. साध्या सर्दीसाठी डोस पुढे ढकलू नये. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला मात्र ही जिवंत लस देत नाहीत.

"एक डोस झालाय ना, मग पुरे नाही का?" यावर उत्तर असे की नवव्या महिन्यात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये (अँटिबॉडी) बाळाच्या अंगात काही प्रमाणात शिल्लक असतात आणि ती लसीचा परिणाम कमी करतात. दोन डोसांनंतर गोवरापासून सुमारे 97 टक्के संरक्षण मिळते. गालगुंडापासूनचे त्याहून कमी, सुमारे 88 टक्के, आणि ते काळानुसार ओसरूही शकते. रुबेलाचा भाग मुलीच्या पुढच्या आयुष्यासाठी आहे, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला हा आजार झाल्यास बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू किंवा हृदयदोष होऊ शकतो. गोवर जुना झाला असे मानणाऱ्यांनी 2022 मधला मुंबईतील उद्रेक आठवावा. गोवंडीच्या वस्त्यांत मुले दगावली. सरकारी केंद्रात गालगुंडाचा भाग नसलेली एमआर लस मोफत मिळते, हेही मी सांगितले, कारण खर्चापायी गोवराचा डोस अडून राहू नये.

मुलीचा डोस त्याच आठवड्यात झाला. नंतर जाऊबाईंनी विचारले की, त्यांच्या मुलाला पाचव्या वर्षीचा डोस द्यावा का. स्वमग्नता हे लस टाळण्याचे कारण नाही; उलट ज्याला दुखते-खुपते ते सांगता येत नाही, त्याचा गोवर ओळखणे आणि निभावणे अधिकच कठीण. अनोळखी स्पर्शाने तो बिथरतो, म्हणून त्यांनी बालरोगतज्ज्ञांकडून सकाळची, गर्दी नसलेली वेळ मागून घेतली.