मांजराच्या पिल्लाचं पोट बिघडलंय? आधी दूध बंद करा

घाबरू नका, घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात बऱ्याच पिल्लांना जुलाब होतात. नवी जागा, नवं खाणं, एवढं कारण पुरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गाईचं दूध. दुधातली साखर मांजराला नीट पचत नाही. मीही पहिल्या पिल्लाला कौतुकाने वाटीभर पाजलं आणि रात्रभर फरशी पुसत बसले! दूध सुटलेल्या पिल्लाला पाणीच द्या. त्याहून लहान असेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर.

दुसरी चूक, खाणं एका दिवसात बदलणं. जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत 7 ते 10 दिवस घ्या. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पोटाला आराम म्हणून उपाशी मात्र ठेवू नका.

जंताचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसारच घ्या. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत, पॅरासिटामॉलने तर मांजर दगावतं.

थांबायचं नाही ते कधी:
- शीमध्ये रक्त
- जुलाबासोबत उलट्या
- खाणं बंद, मलूल पडून राहणं

एवढ्याशा जिवातलं पाणी काही तासांत कमी होतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जाताना शीचा ताजा नमुना डबीत न्या. किळस वाटेल, पण तपासणी लगेच होते.