सुती बनियन पुण्यातच ठेवा

प्रश्न : जावई अमेरिकेत, मिनेसोटात असतात. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला सोबत नेणार म्हणतात. लक्ष्मी रोडवरून कोणते गरम कपडे घेऊ? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : काका, स्वेटर राहू द्या, आधी आतल्या कपड्यांचं बघा. सुती बनियन चालताना घामानं भिजतं आणि मग मचाणावर तासन्‌तास निश्चल बसलं की तेच हुडहुडी भरवतं. अंगालगत मेरिनो (मेंढीची मऊ, बारीक) लोकर, वर फ्लीस म्हणजे कृत्रिम धाग्याचं लवदार गरम कापड, बाहेर वारा अडवणारं जाकीट. ते कुरकुरणारं मात्र नको, हरीण तिखट कानाचं! बूट तिथेच, जाड मोज्यांवर घालून बघूनच घ्या. घट्ट बुटात पाय आधी गारठतात. बंदुकीच्या हंगामात तिथे शिकाऱ्याला भडक केशरी किंवा गुलाबी टोपी-जाकीट कायद्यानं सक्तीचं आहे. हरणाला केशरी नीट ओळखू येत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला येतो.